चार गुंजांचे छर्रे

सोन्याच्या काट्यावर शिसं तोलायची पाळी माझ्यावर आयुष्यात एकदाच आली, आणि ती मुंजाजीनं आणली. निजामाचं राज्य, फसली सन तेराशे सत्तेचाळीसचा श्रावण. मी दुकानात एका नथीच्या तुटल्या तारेला डाग देत बसलो होतो. मुंजाजी आला, वहाणा काढल्या, माझ्या बैठकीवर ऐसपैस बसला आणि उपरण्यात बांधलेल्या पत्र्याच्या तीन डब्या सोडून माझ्यापुढं मांडल्या. तिन्हींत हवेच्या बंदुकीचे छर्रे. यातला सरळ जाणारा छर्रा कोणता तेवढं काढून द्या, म्हणाला. मी म्हणालो, मी सोनार आहे, जोशी नाही. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. मुंजाजी एकदा बसला की त्याला उठवणं फक्त त्याच्या बायकोला, बायनाबाईला जमतं, आणि त्या दिवशी तिनंच त्याला माझ्याकडं धाडलं होतं.

छर्ऱ्यांची एवढी निकड कशाला, ते आधी सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, या माणसांना शेतात कामं नाहीत का.

आमचं गाव झरीपासून कोसभर आत. पोळ्याला आमच्याकडं मारुतीपुढं तोरण बांधतात, गावचे सगळे बैल सजून तोरणासमोर उभे राहतात, आणि मानाची जोडी त्याखालून गेली की पोळा फुटतो. हा मान मुंजाजीच्या घराचा, आजोबांपासूनचा. पण पाच वर्षांमागं मुंजाजी आणि त्याचा चुलतभाऊ बन्सीधर यांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, पराती वाटल्या, आणि मूर्खपणाची कमाल म्हणजे बैलांची जोडीही वाटली. हौश्या मुंजाजीला, नवश्या बन्सीधरला. आठ वर्षं एका जुवाखाली चाललेली जनावरं दोन गोठ्यांत बांधली. मान तेवढा वाटता आला नाही. मग दर पोळ्याला दोघंही मान आपलाच म्हणून अडून बसायला लागले. गेल्या वर्षी तर दिवे लागले तरी बैल उभेच. आरतीची ताटं धरून बायकांचे हात भरून आले, घरी पुरणपोळ्या वातड झाल्या, आणि शेवटी कंटाळून बैलच आपापल्या गोठ्याकडं निघून गेले. त्याला पोळा फुटला असं म्हणायचं असेल तर म्हणा.

त्यात फाल्गुनात बन्सीधरचा नवश्या मेला. बन्सीधरनं मुंजाजीकडं निरोप धाडला नाही, आणि बातमी कानावर येऊनही मुंजाजी गेला नाही. महिन्याभरात बन्सीधरनं वालूरच्या बाजारातून देवणीची तरणी जोडी आणली. मुंजाजीकडं राहिला म्हातारा हौश्या. दात झिजलेले, गुडघे सुजलेले. त्याच्याबरोबर एक गोऱ्हा बांधला होता, पण त्याला जोडी म्हणणं म्हणजे माझ्या शेजारी शाळेतलं पोर बसवून आम्हाला समवयस्क म्हणण्यासारखं होतं. पुढचा पोळा हौश्या बघेल असं गावात कुणालाच वाटत नव्हतं, मुंजाजीला तर नाहीच.

"मामा, मान गेला चुलीत," तो मला म्हणाला. "आठ वर्सं पयलं पाऊल त्येनं टाकलं. आता मरायच्या टायमाला त्येला दुसऱ्याच्या बैलामागं कसा चालवू म्या?"

हे ऐकल्यावर मी नथ बाजूला ठेवली. माणूस बैलासाठी रडवेला झालेला मला बघवत नाही. स्वतःसाठी रडला असता तर हाकलून दिला असता.

बंदुकीचं प्रकरण असं. बन्सीधरनं पेरूवरचे राघू हाकलायला परभणीहून हवेची बंदूक आणली. आठ दिवसांत मुंजाजीनंही तसलीच आणली. मुंजाजीकडं पेरूचं झाड नाही. ही बंदूक मधोमध मोडायची, म्हणजे आतली कमान ताणली जाते. मग नळीच्या बुडाशी छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि घोडा ओढायचा. कमान सुटते आणि तिच्या दाबाच्या हवेनं छर्रा जातो. दारू नाही, धूर नाही, आवाज टाळी वाजवल्याएवढा. तिला सरकारी परवाना लागत नसे आणि तिच्यापासून राघूंना फारसा त्रासही होत नसे.

नागपंचमीला आमचे पोलीस पाटील माणिकराव यांनी दोघांनाही बोलावून सांगितलं, की आता पुरे. तोरणाच्या मधोमध गुलाल भरलेलं मातीचं बोळकं टांगायचं. पंचवीस पावलांवरून दोघांनी आपापल्या बंदुकीतून तीन-तीन छर्रे मारायचे. जो बोळकं फोडील त्याचा मान, आणि तो कायमचा. माणिकराव शहाणा माणूस, पण त्या दिवशी त्यांना उपास होता. दोघंही लगेच कबूल झाले.

म्हणून मुंजाजी परभणीला गेला आणि स्टेशनाजवळच्या दुकानातून तीन जातीचे छर्रे घेऊन आला. छर्रा म्हणजे शिशाचा एवढासा डमरू. मधे कंबर, मागं पोकळ, पुढं डोकं. फरक डोक्यात. हरणाचं चित्र असलेल्या डबीतले टोकदार, कोंबड्याच्या डबीतले गोल डोक्याचे, आणि तिसऱ्या डबीवरचं चित्र गंजून गेलेलं, तिच्यातले चपट्या डोक्याचे. चांगले कोणते, असं मुंजाजीनं दुकानदाराला विचारलं. दुकानदार म्हणाला, "मेरेकू क्या पूछते पटेल, बंदूक कू पूछो. उसकू जो पचा, वोइच अच्छा." मुंजाजीला वाटलं, टाळतोय. मला वाटतं, त्या जिल्ह्यात त्या दिवशी तेवढा एकच माणूस शुद्धीवर होता.

मुंजाजीचा जीव टोकदार छर्ऱ्यांवर जडला होता. सुई टोकदार, नांगराचा फाळ टोकदार, भाला टोकदार. चपटं डोकं घेऊन कुणी कुठं पोचल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. शिवाय बन्सीधरनंही टोकदारच घेतल्याची बातमी होती. मी म्हणालो, मग मला विचारायला कशाला आलास? तर म्हणाला, बायना म्हणते आधी पारखून घ्या. माझा स्वभाव वाईट आहे. कुणी अजमासानं काही केलेलं मला सहन होत नाही. दुकानाला कडी लावली आणि त्याच्या मळ्यात गेलो.

निशाण म्हणून गेल्या सालचं पंचांग घेतलं. एका पानावर एक पंधरवडा, पंधरा तिथ्या एकीखाली एक, आखीव ओळी. कोणता छर्रा कुठं गेला ते मोजायला याहून सोयीचं काही मिळणार नाही. समोरासमोरची दोन पानं गोठ्याच्या मातीच्या भिंतीला चिकटवली, पंचवीस पावलं मोजली आणि मुंजाजीला अष्टमीवर नेम धरायला सांगितलं. प्रत्येक जातीचे पाच छर्रे.

पहिल्या दिवशी पंचांगाची पार दुर्दशा झाली. टोकदार छर्ऱ्यांनी प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत कुणालाच सोडलं नाही. गोल डोक्याचे पानावर कमी आणि भिंतीवर जास्त लागले. चपट्यातला एक तर गोठ्याच्या छपरात गेला. मुंजाजीनं बंदूक अशी आवळून धरली होती की जणू ती पळून बन्सीधरकडं जाणार आहे. दात आवळलेले, डोळे आवळलेले, मला वाटतं पायाची बोटंसुद्धा. बायनाबाई बाभळीच्या सावलीत तुरीची डाळ निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली.

"तिला एवढं आवळायलाव कामून?" ती नवऱ्याला म्हणाली. "तान्ह्या लेकराला घेत्यात तसं घ्या. हातावर निस्ती असू द्या."

दुसऱ्या दिवशी गाडीच्या चाकावर गोधडीची घडी ठेवली, घडीवर मुंजाजीचा तळहात आणि तळहातावर नुसती बंदूक. मग माझ्या ध्यानात आलं. कमान सुटताना बंदूक अंग झटकते. आवळून धरली तर दर वेळी वेगळीकडं झटकते, सैल धरली तर दर वेळी सारखीच. चाळीस वर्षं हातोडी धरणाऱ्या मला हे सुचलं नाही आणि डाळ निवडणाऱ्या बाईला सुचलं, याचा मला त्या दिवशी राग आला होता. आता नाही येत.

सैल हातानं छर्ऱ्यांनी आपापली जात दाखवली. टोकदार तृतीयेपासून एकादशीपर्यंत पसरले, आणि एक शेजारच्या पानावरच्या चंद्रग्रहणात शिरला. गोल डोक्याचे पंचमी ते नवमी. आणि त्या गंजक्या डबीतल्या चपट्यांचे पाचही छर्रे चतुर्थीत. पाच भोकं, पण बायनाबाईच्या कुंकवाखाली झाकली जातील एवढ्याशा जागेत. मी तर उभाच राहिलो.

मुंजाजीचा चेहरा पडला. नेम अष्टमीवर होता, लागले चतुर्थीला, म्हणजे हे सगळ्यात वाईट. त्याला समजावता समजावता माझा घसा बसला. अरे, दर वेळी चार बोटंच वर जातो ना? मग चार बोटं खाली नेम धर. एकाच जागी चुकणारा छर्रा हाच खरा छर्रा. मुंजाजीनं बराच विचार केला, मग पुढं जाऊन चतुर्थीला हात जोडले आणि गणपतीनंच कौल दिला म्हणाला. मी नाद सोडला. पण एकदा लागलं तर तो योग, तीनदा लागलं तर खरं, म्हणून आणखी दोन दिवस तेच केलं. दोन्ही दिवस चपटेच जिंकले. बन्सीधरची बंदूक टोकदारांवर खूश असेल की नाही कुणास ठाऊक, मुंजाजीच्या बंदुकीला मात्र चपटेच पचत होते.

मग निवड. डबीत दोनशे छर्रे होते. बायनाबाईनं ते सुपात घेतले आणि डाळीतले खडे काढावेत तसे चेपलेले, कड मोडलेले भराभर बाजूला काढले. मग परात पालथी घातली, एका बाजूला जरा उचलली आणि वरून एकेक छर्रा सोडला. सरळ घरंगळला तो ठेवायचा, वळून गेला तो टाकायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोनशेतले साठ उरले. ते साठ माझ्या काट्यावर आले.

माझी बायको केशरबाई म्हणाली, श्रावणात लक्ष्मीच्या पारड्यात शिसं घालताय, वर काय उत्तर देणार आहात? मी म्हणालो, वर कुणी काटा घेऊन बसलं असेल तर त्याला कळेल. चार गुंजा एका पारड्यात आणि एक छर्रा दुसऱ्यात. काही गुंजभर जास्त, काही तांदळाच्या दाण्याएवढे कमी. दोन दिवस कुणाच्या नथीकडं, पाटल्यांकडं पाहिलं नाही. साठांतून पाच निघाले, चार गुंजांना चोख, काट्याची जीभ जरासुद्धा हलू नये असे. तीन नेमाचे, दोन राखीव. केशरबाईनं नंतर काट्यावर तुळशीचं पाणी शिंपडलं आणि मी शिंपडू दिलं.

राहिलेल्या पंचावन्नांवर मुंजाजीनं सराव केला. कुंभाराकडून दहा बोळकी आणली, त्यातली सात फोडली. सातवं फुटल्यावर तो हौश्याजवळ गेला आणि त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. बैल रवंथ करत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी ते पाच छर्रे कापसात ठेवून, कापूस चांदीच्या डबीत घालून मुंजाजीच्या हातात दिले. सांगितलं, आता उद्या तोरणासमोरच डबी उघडायची. बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, आणि कुणी कितीही जवळचा असला तरी दाखवायचे नाहीत. तो हो म्हणाला. मुंजाजी खोटं बोलणारा माणूस नाही, हे मी आजही म्हणेन.

पोळ्याच्या दिवशी दुपारी अख्खा गाव मारुतीपुढं. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंगं, अंगावर झुली, पायांत घुंगरू. साठ-सत्तर जोड्या एकामागं एक उभ्या. सगळ्यात पुढं डाव्या हाताला बन्सीधरची देवणी जोडी, तेल लावल्यासारखी चमकणारी, आणि उजव्या हाताला हौश्या, शेजारी तो गोऱ्हा. मधे पंचवीस पावलं मोकळी, पलीकडं तोरण, तोरणाला लालभडक बोळकं. त्यामागं मारुतीचं देऊळ. माणिकरावांनी मधली माणसं दोन्ही बाजूंना हटवली.

आधी बन्सीधर. त्यानं टोकदार छर्रे फडक्यानं पुसून घेतले होते आणि बंदूक छातीशी आवळली होती. पहिल्या छर्ऱ्यानं आंब्याचं एक पान पाडलं. दुसरा कुठं गेला ते कळलं नाही. तिसऱ्यानं दोरी हलली आणि बोळकं एक झोका घेऊन परत जागेवर आलं. बन्सीधर वारं आहे म्हणाला. वाऱ्याचा मागमूस नव्हता, पण मला त्याची कीव आली. घाम गळत होता त्याच्या कानामागून.

मग मुंजाजी पुढं झाला. मी शेजारीच होतो. त्यानं डबी उघडली. पाचही छर्रे पिवळेधमक. कापूस तुपानं ओला.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"काल खांदमळण न्हाई का केली, मामा," तो हळूच म्हणाला. "हौश्याच्या खांद्याला तूप-हळद चोळली. थोडी उरली. म्हनलं, उद्याचं काम तर ह्येंचंच हाय. ह्येंलाबी लावली. नळीतबी सोडली दोन थेंब. आवतण दिलं."

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात आणि त्याला आवतण देतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. या गृहस्थानं ते आवतण माझ्या चार गुंजांच्या छर्ऱ्यांना आणि बंदुकीला दिलं होतं. दोन दिवसांची तोलणी तुपात गेली. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. मुंजाजीला मात्र कळेना, की सोनारमामा सणासुदीला एवढे का भडकले. पुसायला वेळ नव्हता. माणिकराव हात करत होते. मुंजाजीनं पिवळा छर्रा नळीत बसवला, बंदूक तान्ह्या लेकरासारखी हातावर घेतली, चार बोटं खाली नेम धरला आणि घोडा ओढला.

धडाम.

टाळीएवढा आवाज करणारी ती बंदूक तोफेसारखी वाजली. नळीतून धूर निघाला, आणि सगळ्या मैदानात कढवलेल्या तुपाचा वास पसरला. दाबाच्या हवेनं नळीतलं तूप पेटतं, हे मला पुढं परभणीच्या त्या दुकानदारानं सांगितलं. तेही हसणं आवरल्यावर. छर्रा बोळक्याच्या हातभर वरून गेला आणि मारुतीची घंटा टण्णकन वाजली. दोघातिघांनी भक्तिभावानं हात जोडले.

त्यानंतर जे झालं त्याला पळापळ म्हणणं कमीच. बन्सीधरची देवणी जोडी आधी उधळली, तिच्यामागं गोऱ्हा, गोऱ्ह्यामागं साठ जोड्या. झुली उडाल्या, बाशिंगं उडाली, कासरे धरलेली माणसं चिखलातून फरफटत गेली. वाजंत्रीवाले डफडी टाकून बैलांमागं धावले, कारण त्यांचेही बैल त्यात होते. घटकाभरात मैदान रिकामं. ओढ्याच्या बाजूनं घुंगरांचा आवाज लांब लांब जात होता. उरल्या बायका, म्हातारे, बंदूक धरून उभा राहिलेला मुंजाजी आणि काळाठिक्कर पडलेला बन्सीधर.

आणि हौश्या. हौश्या उधळला नव्हता. त्यानं मान वर केली, एकदा नाक फुरफुरवलं आणि सुजल्या गुडघ्यांनी, कुणी कासरा न धरता, तोरणाकडं चालायला लागला.

मुंजाजीची म्हातारी आई धुरपताबाई आरतीचं ताट घेऊन पुढंच उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला.

"बार झाला न्हवं," ती म्हणाली. "निगाला त्यो."

तेव्हा आम्हाला आठवलं. माणिकरावांचे वडील पाटील होते तेव्हा पोळ्याला ठासणीच्या बंदुकीचा बार काढत. बार झाला की मानाच्या जोडीनं निघायचं, अशी रीत होती. मग ती बंदूक सरकारात जमा झाली, म्हातारे पाटील गेले, आणि बार बंद पडला. गावातले तरणे बैल त्यानंतरचे, त्यांनी तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. माणसं तर साफ विसरून गेली होती. हौश्या सात वर्षं त्या बाराची वाट बघत होता.

तो आमच्या समोरून गेला. मुंजाजीनं बंदूक जमिनीवर ठेवली आणि नुसता बघत राहिला. आता हौश्या तोरणाखालून जाणार, पहिला जाणार, एकटा जाणार. मुंजाजीला हवं होतं ते होणार. आणि तोरण दोन पावलांवर आलं तसा हौश्या थांबला.

मुंजाजी धावत गेला. चुचकारलं, वेसण धरली, पाठीवर थाप मारली. हौश्या हलेना. तो वाटेच्या मधोमध उभा नव्हता. उजवीकडं सरकून उभा होता, आणि डावीकडं एका बैलाची जागा मोकळी सोडली होती. गाडीला, नांगराला, तोरणाला, हौश्या नेहमी उजवा आणि नवश्या डावा. त्या मोकळ्या जागेकडं त्यानं एकदा मान वळवली आणि पुन्हा समोर बघत उभा राहिला. कुठंही जायची त्याला घाई नव्हती. जोडीदार आला की निघायचं, एवढंच.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही, सांगायला लाज कसली.

बन्सीधर निघाला. आधी मला वाटलं, भांडायला निघाला. आणखी दोन छर्रे बाकी आहेत, बोळकं शाबूत आहे, हा मान धरू नका, असं काहीतरी म्हणेल. त्यानं पटका काढून खांद्यावर टाकला, हौश्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला आणि आपला खांदा बैलाच्या मानेला टेकवला. हौश्यानं त्याचा वास घेतला.

"म्या आलो न्हाई," मुंजाजी खाली बघत म्हणाला. "नवश्याला माती द्याया म्या आलो न्हाई."

"म्या तरी कुटं बलावलं," बन्सीधर म्हणाला. "धर कासरा."

मुंजाजीनं कासरा धरला. बन्सीधरनं पहिलं पाऊल टाकलं, की हौश्यानं टाकलं, यावर गावात अजून वाद होतात आणि माझ्याकडं निवाड्याला येतात. मी सांगतो, तेवढं बारीक तोलणारा काटा माझ्याकडं नाही. मी एवढंच पाहिलं, की एक म्हातारा बैल आणि त्याच्या दोन बाजूंना दोन मध्यमवयीन मूर्ख, तिघंही तोरणाखालून एकदम गेले. वाजवायला कुणी उरलं नव्हतं. वाजंत्रीवाले अजून ओढ्यापलीकडं बैल धरत होते. तेव्हा धुरपताबाईनं आरतीच्या ताटातली हळद, कुंकू, निरांजन सगळं माझ्या ओंजळीत ओतलं, हातातली चांदीची पाटली काढली, आणि रिकामं ताट पाटलीनं बडवत बडवत ती त्या तिघांच्या पुढं चालायला लागली.